आवडाबाईंचा गोबरगॅस

माझ्या सासूबाई, आवडाबाई, दूधवाला माप घालत असताना मापाकडे बघत नाहीत, त्याच्या अंगठ्याकडे बघतात. सिलिंडर आला की आधी ताणकाट्याला लावून वजन, मग सीलवरून नख फिरवणं, मग आणणाऱ्याचं नाव आणि गाव. डॉक्टरांनी रक्त तपासून आणा म्हटलं की ह्या विचारणार, "त्यो लॅबवाला तुमचा कोन लागतो?" लग्नानंतर पहिली दोन वर्षं माझ्या माहेरचं माणूस परत निघालं की त्यांची नजर त्याच्या पिशवीवर असायची. माझ्या वडिलांच्या पिशवीवरसुद्धा. ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

पण एका बाबतीत त्यांना नाव ठेवायला जागा नव्हती. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. त्या तीन दिवसांत आत्याबाई (सासूला आम्ही आत्याबाईच म्हणतो) ओल्या लुगड्याने स्वयंपाक करायच्या, कुणाची सावली ओट्यावर पडू द्यायच्या नाहीत, पुरण शिजेपर्यंत तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. प्रसादाला अख्खी गल्ली यायची. पडेगावातल्या जुन्या बायका अजून सांगतात की देवीचं करावं तर आवडाबाईनं. हे ऐकलं की त्यांचा चेहरा तेवढ्यापुरता निवळायचा. बाकी वर्षभर त्यांना जगाने काही सुख दिलं असेल असं मला वाटत नाही.

आमच्या घराला लागून, मधे एक कंपाउंडची भिंत, पलीकडे मालनकाकींचं घर. मालनकाकी म्हणजे आत्याबाईंची धाकटी जाऊ. रामकिसन आणि धोंडिबा हे दोघे भाऊ. रामकिसन माझे सासरे. दोघेही आता नाहीत. दोन्ही जावा मात्र आहेत, आणि बत्तीस वर्षं एकमेकींशी बोललेल्या नाहीत.

का, ते मला पाठ आहे. नवी सून आली की तिला देवघर दाखवतात, तशी मला पहिल्याच आठवड्यात ही गोष्ट ऐकवली गेली. आमच्या परसात गोबरगॅसची टाकी होती. दावणीला म्हशी, रोज सकाळी शेण कालवून टाकीत घालायचं, आणि घरात निळ्या ज्योतीची शेगडी. त्यातली एक म्हैस मेली आणि गॅस कमी पडायला लागला. संध्याकाळी भाकरी अर्धी झाली की शेगडी विझायची. आत्याबाई नवऱ्याच्या मागे लागल्या की काहीतरी करा. मग भाच्याच्या लग्नाला त्या आठ दिवस माहेरी, कन्नडला गेल्या. परत येऊन बघतात तर टाकीपासून मालनच्या भिंतीपर्यंत ताजी माती उकरून बुजवलेली. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "पाण्याची लाइन हाये." आणि दुसरीकडे बघू लागला.

दुसरीकडे बघणाऱ्या माणसावर आत्याबाईंनी आयुष्यात विश्वास ठेवलेला नाही. चार-सहा महिने शेगडी चांगली चालली. पुढे पौषात थंडी पडली आणि गॅस पुन्हा मंदावला. थंडीत गोबरगॅस कमीच होतो, हे तालुक्यातल्या पोरालाही माहीत होतं. आत्याबाईंनी मात्र हिशेब मांडून टाकला, की मालननं आमच्या टाकीतून चोरून लाइन घेतली आहे आणि त्यात नवऱ्याचीही फूस आहे. संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या घरी होतं. गल्लीतल्या सगळ्या बायका बसलेल्या. मालनकाकी ओटी पसरून पुढे आल्या, तेव्हा ह्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आधी माझा चोरलेला गॅस दे, मंग वाण घे." मालनकाकी एक शब्द न बोलता उठून गेल्या. ती जी गेली ती गेलीच. 'ती बोलली का? चोराला तोंड आसतं का?' हा आत्याबाईंचा पुरावा. मला तेव्हाही तो पटला नव्हता, पण नव्या सुनेला कोण विचारतं.

आणि एक मलाही सांगायला हवं. मी मालनकाकींशी बोलते. गच्चीवर कपडे वाळत घालताना, भिंतीवरून. त्यांचा मुलगा विश्वजीत पुण्याला, इथे त्या एकट्या. मागच्या वर्षी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी सासूबाईंना बँकेत जादा काम आहे असं सांगून दवाखान्यात डबा नेत होते. संशयी माणसाच्या घरात राहून माणूस खोटं बोलायला शिकतं.

तर यंदा उन्हाळ्यात आम्ही स्वयंपाकघर दुरुस्तीला काढलं. जुना कडाप्प्याचा ओटा जाऊन ग्रॅनाइटचा येणार होता. काम सांडू मिस्त्रीकडे. छावणीतला जुना माणूस, नळ आणि गवंडीकाम दोन्ही करणारा. आत्याबाई खुर्ची टाकून दारातच बसल्या होत्या, सिमेंटच्या गोण्या मोजत.

दुसऱ्या दिवशी ओट्यामागचा गिलावा पडला आणि आत अर्ध्या इंचाचा लोखंडी पाइप निघाला. टोकाला नळासारखी पितळेची चावी, तिच्यावर ऑइलपेंटचे चार थर. सांडू मिस्त्रीने कापायला ग्राइंडर उचलला, पण चालू केला नाही. पाइपाला नाक लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दीदी, साबन का पानी लाओ. आन् लाइटचा मेन बंद करा आधी."

मी साबणाचा फेस आणून दिला. त्याने तो चावीभोवती लावला. आम्ही सगळे बघत असताना फेसाला एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. मग दुसरा.

"अम्मा, मागं सरका. ये पाइप में गॅस है अभी."

त्याने चावीला लांब नळी जोडली, तिचं तोंड खिडकीबाहेर परसात दूर सोडलं आणि चावी हळूच फिरवली. सूं असा आवाज आला आणि नासक्या अंड्याचा वास. ग्राइंडर लावला असता तर काय झालं असतं, ते मला दोन मिनिटांनी उमगलं. माझा नवरा सुदर्शन वाळूजच्या कंपनीतून रात्रपाळी करून आला होता, त्याची झोपच उडाली. आत्याबाई मात्र उठून उभ्या राहिल्या होत्या. घाबरल्या नव्हत्या. त्यांचे डोळे चमकत होते.

"म्हशी इकून वीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "शेण नाय, कायबी नाय. मंग ह्यात गॅस कुठनं आला?"

"जुना असंल अम्मा, साचलेला," सांडू म्हणाला. पण त्याच्याही आवाजात खात्री नव्हती.

"जुना? वीस वर्षं? टाकी चालू हाये. आन् चालवनारं भिताडापल्याडच हाये. तिच्या दारात सिलिंडरवाला तीन-तीन महिने येत नाय, मी काय आंधळी हाये का?"

"आई, एकट्या बाईला सिलिंडर किती लागणार?" सुदर्शन म्हणाला. "आन् टाकीत घालायला काकी शेण कुठून आणती? गाय ना म्हैस."

"ते खणल्यावर कळंल."

खणायचं तर होतंच. लाइनीत गॅस असताना तिथे नवीन ओटा बांधायला सांडू मिस्त्री तयार नव्हता. लाइन कुठून येते, टाकी रिकामी कशी करायची, हे बघितल्याशिवाय मी हात लावणार नाही, असं त्याने स्वच्छ सांगितलं. म्हणजे त्याला भीती स्फोटाची आणि आत्याबाईंना घाई पुराव्याची. थोड्या वेळाने पाण्याचा टँकर आला तेव्हा हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायकांना त्या सांगून आल्या, "बत्तीस वर्षं मला खोटी म्हणलात ना? उद्या कळंल समद्यास्नी चोर कोन त्ये."

मला राग आला. इतका की त्यांचा चहा मी ओट्याच्या मलब्यावर आदळला. पलीकडे एक म्हातारं माणूस ऑपरेशन झालेलं, आणि ही बाई अख्खी गल्ली गोळा करून तिला पुन्हा चोर ठरवायला निघालेली. पण रागाच्या आत माझ्याही मनात कुठेतरी शंका शिरली होती, हे कबूल करते. गॅस तर होता. तो येत होता कुठून? दुपारी गच्चीवर मालनकाकी दिसल्या तेव्हा पहिल्यांदाच मी त्यांच्याकडे बघून हसले नाही.

दुसऱ्या दिवशी परसातल्या मोरीच्या फरश्या काढल्या. दोन फुटांवर टाकीचा घुमट लागला. घुमटातून अर्ध्या इंचाची लाइन निघून सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेलेली होती. तिला कुठे फाटा नव्हता. सांडूने बोटभर अंतर न सोडता ती पुरी उघडी केली.

"दुसरी आसंल," आत्याबाई म्हणाल्या. "भिताडाच्या अंगानं खण."

तिकडे खणलं आणि खरोखरच दुसरी निघाली. भिंतीखालून येऊन टाकीच्या पोटात शिरलेली, चार इंचांची, सिमेंटची.

"ह्योच!" आत्याबाईंनी चक्क टाळी वाजवली. पंच्याहत्तर वर्षांच्या बाईला मी इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. "बगा! आता सांगा मला येडी! जा गं तनुजा, बोलाव समद्यांना!"

मी जागची हलले नाही. सांडू मिस्त्री खड्ड्यात उकिडवा बसून त्या पाइपाकडे बघत होता. त्याने पाण्याने भरलेली लेव्हलची नळी काढली, एक टोक भिंतीपाशी धरलं, दुसरं टाकीपाशी. दोनदा मोजलं. मग वर न बघता म्हणाला, "अम्मा, गॅस की लाइन इत्ती मोटी नै रहती. आन् ढाळ बघा. हिकून तिकडं कायच जात नाय. तिकूनच हिकडं येतंय."

"काय येतंय?"

सांडू नजर चुकवून नळी गुंडाळायला लागला. सुदर्शनही दुसरीकडे बघू लागला. बापासारखाच.

"चालू है क्या देखना पडेगा," शेवटी सांडू मला म्हणाला. "उनकू बोलो, एक बादली पानी डालो संडास में."

मी गच्चीवर गेले. भिंतीवरून हाक मारली. मालनकाकी आल्या, माझे मातीचे हात बघितले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"टाकी खणली व्हय?"

"हो काकी. गॅस निघाला पाइपात."

त्या भिंतीवरून पुढे वाकल्या. "तनुजा, मिस्त्रीला सांग बुजवून टाक म्हनावं. मी विश्वजीतला सांगून माजी लाइन म्युनिसिपालटीच्या ड्रेनेजला जोडून घेते. पर बाईला, तुज्या सासूला, कळू देऊ नको गं. पाया पडते तुज्या."

"काकी, त्या तिथंच उभ्या आहेत."

मिस्त्री संडासात एक बादली पाणी ओता म्हणतो, एवढंच मी सांगितलं. मग त्या खाली गेल्या. बादली ओतल्याचा आवाज आला, आणि मी आमच्या परसात पोचते तोवर त्या चार इंची पाइपातून पाणी खळखळत येऊन टाकीत पडत होतं. ते नुसतं पाणी नव्हतं, हे सगळ्यांनाच कळलं.

आत्याबाई त्या आवाजाकडे कान देऊन उभ्या होत्या. त्यांचं डोकं संशयाच्या कामात तल्लख, इथेही त्याने दगा दिला नाही. एकेक गोष्ट जुळताना मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. त्यांची ती माहेरची आठ दिवसांची फेरी. ताजी माती. मालनकडे त्याच वर्षी बांधलेला नवीन संडास. आमच्याकडे तेव्हा संडास नव्हता, कारण घरात देव आणि घरातच ते, हे आत्याबाईंना चालत नव्हतं. शेण कमी पडत होतं, शेगडी विझत होती, बायको रोज बोलत होती, म्हणून रामकिसननं भावाचा संडास आपल्या टाकीला जोडून घेतला. मालननं गॅस नेला नव्हता. उलट तिच्या घरातून येत होता. आणि त्या गॅसवर, म्हशी विकेपर्यंत बारा वर्षं, महालक्ष्म्यांचं पुरण शिजलं होतं.

"अम्मा, मैं तो कुछ देख्याच नै," सांडू मिस्त्री हळूच म्हणाला. "सांजच्याला बंद करून टाकतो."

"बुजवून टाकू आई," सुदर्शन म्हणाला. "आपण चौघं आन् काकी सोडून कुणाला माहीत नाही. गल्लीला सांगू, काही निघालं नाही म्हणून."

आत्याबाई भिंतीजवळ गेल्या. भिंत त्यांच्या डोक्याच्या वर हातभर. पलीकडचं काही दिसत नाही.

"मालन!"

बत्तीस वर्षांत हे नाव त्यांनी हाक म्हणून मारलं नव्हतं. पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"जी, बाई."

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"म्या हळदीकुंकवात बोलले तवा बी ठावं हुतं?"

"व्हय."

"मंग का बोलली नाय गं? तोंड शिवलं हुतं का तुजं?"

"दादांनी माज्या मालकांना, सख्ख्या भावाला, शपथ घातली हुती. आन् बाई, बोलले आसते तर काय झालं आसतं? तुमी त्या घरात परत चूल पेटवली नसती. दादांचं तोंड बघितलं नसतं. म्हालक्षुम्या बाटल्या म्हनून जीव घातला आसता. लोक मला चोर म्हनले, म्हनू देत. मला ठावं हुतं मी चोर नाय."

आत्याबाई आत गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. देवघरासमोर बसल्या, पण देवाकडे पाठ करून. मला त्यांची दया आली, आणि त्याच वेळी वाटलं, बरं झालं, होऊ दे. दोन्ही खरं आहे.

सांडूने टाकी उघडून गॅस जाऊ दिला, चार इंची पाइपाचं तोंड पक्कं केलं, अर्धा इंची लाइन कापून काढली. मालनकाकींचं ड्रेनेजचं कामही त्यानेच केलं. गल्लीतल्या बायका मला टँकरपाशी विचारत होत्या, "काय निघालं मग? सापडली का चोरी?" मी म्हणत होते, अजून काम चालू आहे. दोन दिवस हे चाललं. सुदर्शनला वाटलं, विषय मिटला.

उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका मालनकाकींच्या गच्चीवर कुरडया घालतात, ऊन तिथे चांगलं लागतं म्हणून. आत्याबाई आपल्या एकट्या आपल्या दारात घालायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "चल. तू जातीसच की तिच्याकडं, मला ठावं हाये. डब्याचं बी ठावं हाये."

मी पायात चप्पल अडकवेपर्यंत त्या पुढे निघाल्या होत्या.

मालनकाकींच्या जिन्याने त्या दम खात वर चढल्या. गच्चीवर दहा-बारा बायका. सुरेखावहिनी साच्यातून कुरडई पाडत होत्या, त्यांचा हात वरच राहिला. मालनकाकी चिकाचं पातेलं धरून उभ्या. कुणी 'या' म्हणालं नाही. आत्याबाई बसल्या नाहीत.

"म्या हिला चोर म्हनले," त्या म्हणाल्या. आवाज मोठा होता. "तुमच्यातल्या लई जनी तवा हुत्या. हिनं कायबी चोरलं नाय. हिच्या संडासाची लाइन माज्या टाकीत सोडली हुती, माज्याच नवऱ्यानं. त्या गॅसवर बारा वर्सं म्या म्हालक्षुम्यांचं पुरन शिजवलं. तुमी समद्यांनी खाल्लं. ही माजी अब्रू राखायला गप बसली."

मग कोपऱ्यातल्या एका म्हातारीने पदर तोंडाला लावला आणि थुंकायला कठड्याकडे गेली. दोन बायका पाट तिथेच टाकून जिना उतरल्या. आत्याबाईंनी त्यांना जाताना पाहिलं, शेवटच्या पायरीपर्यंत. आता भाद्रपदात आपल्या दारात कोण येणार नाही, ते त्यांना तेव्हाच कळलं असणार.

मालनकाकींनी पातेलं खाली आदळलं. त्या रडत होत्या आणि भांडतही होत्या. "कशापायी सांगितलंत बाई? कुनी इचारलं हुतं? आवो, बत्तीस वर्सं मी कशासाठी ऐकून घेतलं मग? एवढ्या जनींच्या म्होरं कशापायी?"

"तुला चोर म्हनले तवा बी एवढ्याच जनी हुत्या की," आत्याबाई म्हणाल्या, आणि मालनकाकींच्या हातावर सांडलेला गरम चीक स्वतःच्या पदराने पुसायला लागल्या.